दिसू नये, पण असावं

जगात काही गोष्टी अशा असतात, की त्या दिसता कामा नयेत. पण नसतील तर मात्र सगळा पसारा खाली येतो. कोटाचं अस्तर घ्या. लग्नातला आचारी घ्या. भाषणाला उभ्या राहिलेल्या पुढाऱ्याच्या हातात मागून चिठ्ठी सरकवणारा कारकून घ्या. यांतलं कोणीही पुढं येऊन नमस्कार करू लागलं, तर समारंभाची शोभा जाते. आणि यांतलं कोणी त्या दिवशी आलंच नाही, तर समारंभच जातो.

या जातीचा मुकुटमणी म्हणजे नाटकातला प्रॉम्प्टर. आमच्या लहानपणी गणेशोत्सवातलं नाटक हे नटांच्या पाठांतरावर कधीच चालत नसे. ते विंगेतल्या प्रॉम्प्टरच्या फुप्फुसावर चाले. त्याचं बोलणं नटाला ऐकू यावं आणि प्रेक्षकांना येऊ नये, एवढीच अपेक्षा असे. एका वर्षी ऐन तिसऱ्या अंकात विंगेचं कापड सुटून खाली पडलं आणि मांडी घालून, नाकावर चष्मा, हातात नाटकाची वही, कानावर विडी, असे आमचे प्रॉम्प्टर सगळ्या गावाला दिसले. प्रेक्षक हसले. मंडळाच्या अध्यक्षांना तो स्वतःचा अपमान वाटला आणि त्यांनी ओरडून हुकूम सोडला, "त्याला आधी उठवा तिथून!" प्रॉम्प्टर उठले. पुढच्याच क्षणी शिवाजीमहाराज गप्प झाले आणि अफजलखान त्यांच्याकडे केविलवाण्या नजरेनं पाहत उभा राहिला. कापड परत बांधायचं सोडून माणूसच उठवला, हा त्यातला घोटाळा. पण त्या वेळी तो कोणाच्या लक्षात आला नाही. आपल्याकडे पडदा पडला की माणसाला दोष देतात.

हे सगळं आठवायचं कारण आमचं वाचनालय. बारामतीतल्या अनेक सद्भावी संस्थांप्रमाणे हीही संस्था वर्गणीवर कमी आणि सद्भावनेवर जास्त चालते. मी तिचा साधा कार्यकारिणी सदस्य आहे. साधा म्हणजे चहा घेऊन ठरावाला अनुमोदन देणारा. तर आमच्या सेक्रेटरींच्या मनात आलं, की वाचनालयाचं संकेतस्थळ असावं आणि सभासदानं घरबसल्या पुस्तक शोधून राखून ठेवावं. सेक्रेटरींना इंजिनिअर झालेला एक भाचा आहे. अलीकडे प्रत्येक सेक्रेटरीला असा एक भाचा असतोच. त्यानं पंधरा दिवसांत काम करून दिलं, तेही फुकट. फुकट म्हटल्यावर आमच्या खजिनदारांनी टाळ्या वाजवल्या. एरवी ते टाळ्यासुद्धा जपून वाजवतात.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी भाच्यानं शोधायच्या चौकटीत 'मोरो' एवढीच अक्षरं टाइप केली आणि खाली मोरोपंतांच्या पुस्तकांची यादी झरकन उलगडली. सभेत कौतुकाची कुजबुज झाली. मोरोपंत म्हणजे आमचा गाववाला. जन्म १७२९ चा, पन्हाळ्याचा. पण आयुष्य काढलं बारामतीत, आणि देहही ठेवला इथंच, १७९४ मध्ये. तेव्हा पहिला शोध त्यांचाच लागला हे योग्यच झालं. एवढ्यात अध्यक्षांनी चष्मा वर केला आणि पानाच्या अगदी तळाशी बोट दाखवलं.

"हे काय?"

तिथं, डाव्या कोपऱ्यात, कोणीही न बोलावलेलं एक इंग्रजी वाक्य येऊन बसलं होतं : 'थ्री रिझल्ट्स आर अव्हेलेबल, यूज अप अँड डाउन ॲरो कीज टु नॅव्हिगेट.' तीन पुस्तकं आहेत, वरखाली बाणांच्या कळा वापरा. भाच्यानं गडबडीनं दुसरं काहीतरी टाइप केलं. वाक्य बदललं : 'नो सर्च रिझल्ट्स.' त्यानं चौकट पुसली. वाक्य तसंच. घरी आलेला पाहुणा आपण दिवा मालवला तरी ओसरीवर बसून राहतो, तसं ते बसून राहिलं.

"हे तू लिहिलंस?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नाही, मामा."

"मग कोणी लिहिलं?"

"आपोआप येतंय."

आपोआप येणाऱ्या गोष्टींबद्दल आमच्या कार्यकारिणीला पहिल्यापासून संशय आहे. एकजण म्हणाले, व्हायरस असेल. दुसरे म्हणाले, अमेरिकेतून कोणी पाहतंय. खजिनदारांनी हळूच विचारलं, की या वाक्याचं बिल वेगळं येतं का. अध्यक्षांचा आक्षेप तात्त्विक होता. मराठी ग्रंथालयाच्या पायाशी इंग्रजी वाक्य बसतंच कसं? ठराव झाला, की सदर वाक्य तात्काळ काढून टाकावं. मी अनुमोदन दिलं नाही. कारण त्या वेळी माझ्या तोंडात भडंग होतं. भाचा म्हणाला, "दोन मिनिटांचं काम आहे." आणि खरोखरच दोन मिनिटांत वाक्य गेलं. पान कसं स्वच्छ, सारवलेल्या अंगणासारखं दिसू लागलं.

चौथ्या दिवशी इंदापूरहून गुरुजींचा फोन आला.

हे गुरुजी आमचे जुने सभासद. तालुक्यातल्या निम्म्या लोकांचं मराठी त्यांनी दुरुस्त केलं आणि उरलेल्या निम्म्यांचं दुरुस्तीपलीकडे आहे असं जाहीर केलं. निवृत्तीनंतर काचबिंदूनं त्यांची नजर गेली. पण पुस्तकं सुटली नाहीत. नात संध्याकाळी वाचून दाखवते आणि पुस्तक आणायला आठवड्यातून एकदा कोणीतरी एस.टी.नं बारामतीला येतं.

"अहो," गुरुजी म्हणाले, "तुमचं पान मुकं झालंय."

"मुकं?"

"परवापर्यंत बोलत होतं. किती पुस्तकं सापडली ते सांगत होतं. इंग्रजीत का होईना, पण सांगत होतं. आता मी अक्षरं दाबतो आणि नुसता बसून राहतो. कोणी काही बोललं का तिथं त्याला?"

ठराव क्रमांक चार माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला. हा विषय फोनवर उलगडण्यातला नव्हता. मी दुसऱ्या दिवशी एस.टी. धरली.

बारामती ते इंदापूर हा रस्ता तुकोबांच्या पालखीचा. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, पुढं सणसर, मग बेलवाडीला घोडा धावतो, आणि निमगाव केतकी आलं की पानमळे दिसतात. वारकरी हा रस्ता चालत जातात आणि ताजेतवाने पोचतात. मी एस.टी.नं गेलो आणि मोडून पोचलो.

गुरुजी संगणकापुढं ताठ बसले होते. पडदा बंद होता. "तो कशाला लावायचा? वीज फुकट जाते," ते म्हणाले. मग माझ्यासाठी म्हणून त्यांनी तो लावला, पाहुण्यासाठी पंखा लावावा तसा. यंत्रात पडदा वाचून दाखवणारा एक कार्यक्रम होता, ज्याला स्क्रीन रीडर म्हणतात. गुरुजींचा होता एन.व्ही.डी.ए. ऑस्ट्रेलियात मायकेल करन नावाच्या तरुणानं तो २००६ मध्ये लिहायला घेतला, पुढं जेम्स टेह हा त्याचा मित्र सामील झाला. दोघंही दृष्टिहीन, आणि दोघांची ओळख लहानपणच्या एका संगीत शिबिरातली. ही माहिती मला गुरुजींनीच पुरवली आणि वर म्हणाले, "फुकट आहे. तुमच्या खजिनदारांना सांगा, जगात फुकट आणि चांगलं असं दोन्ही असू शकतं."

त्या यंत्राचा आवाज मी ऐकला. मराठी बोलत होतं, पण कोणत्याही जिल्ह्याचं नव्हतं. आणि वेग असा, की लिलावातल्या अडत्यानं हात जोडावेत. मला एक शब्द कळेना. गुरुजींना सगळं कळत होतं. त्यांनी आमचं पान उघडलं. यंत्रानं वाचनालयाचं नाव सांगितलं, शोधायची चौकट आली म्हणून सांगितलं. गुरुजींनी 'मोरो' टाइप केलं. आणि शांतता.

"आता तुम्ही सांगा. यादी आली?"

"आली. तीन आहेत."

"तुम्हाला दिसली. मला कोण सांगणार? पूर्वी तो एक बिचारा कोपऱ्यातून सांगत होता. तीन आहेत, खाली ये, म्हणून. मी बाण दाबला की एकेक नाव सांगायचा. त्याला घालवलंत."

मी म्हणालो, "गुरुजी, नातीला सांगितलंत तर ती दोन मिनिटांत यादी वाचून..."

"वाचून दाखवायला माझ्याकडे माणसं आहेत," गुरुजी शांतपणे म्हणाले. "पुस्तक निवडायला मला माणूस नको. अहो, नातीला सांगून निवडायचं म्हणजे तिला जे बरं वाटेल ते यायचं. गेल्या वर्षभरात मी चार वेळा एकच आरोग्यविषयक पुस्तक ऐकलंय. रात्री अकराला मला वाटलं, की बुवा आज 'केकावली' आहे का पाहावं, तर ते माझं मला पाहता यायला हवं. नाहीतर वाचक कसला? मी नुसता श्रोता."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. चहा आला, तो प्यायलो.

मग गुरुजींनी भाच्याला फोन लावायला लावला, आणि पुढचा अर्धा तास त्या मुलाची जी उलटतपासणी झाली, तिच्यातून आम्हा दोघांनाही सगळा उलगडा झाला. तो असा.

आजकाल संकेतस्थळ बांधणारी मुलं प्रत्येक खिळा स्वतः ठोकत नाहीत. तयार दारं-खिडक्या आणून बसवतात. शोधताना खाली यादी उलगडणारी ती चौकट भाच्यानं 'जेक्वेरी युआय' नावाच्या अशाच एका तयार संचातून आणली होती. त्या संचाच्या २०१२ मध्ये आलेल्या १.९ या आवृत्तीपासून त्या चौकटीबरोबर एक प्रॉम्प्टर फुकट मिळतो. यादी उलगडली, की डोळसांना ती दिसतेच. पण ज्यांना दिसत नाही त्यांच्या यंत्राला कळावं म्हणून पानात एक छोटा कप्पा तयार होतो आणि त्यात 'इतकी सापडली' असं वाक्य येऊन पडतं. त्या कप्प्यावर अशी खूण केलेली असते, की इथलं अक्षर हललं रे हललं, की यंत्रानं ते लगेच मोठ्यानं म्हणावं.

आता हा कप्पा डोळसांना दिसू नये यासाठी संचाबरोबर वेशभूषेची एक वेगळी फाइल येते. ती त्या कप्प्याला उणापुरा एक ठिपका लांब आणि एक ठिपका रुंद करते, बाहेर सांडणारं सगळं कातरते आणि पानाच्या प्रवाहातून बाजूला करते. म्हणजे विंगेचं कापड. भाच्यानं यंत्रणा आणली, पण आपल्या पानाचा रंग बिघडेल म्हणून ही वेशभूषेची फाइल मागवलीच नाही. साहजिकच प्रॉम्प्टर उघड्यावर पडला. मग अध्यक्ष ओरडले म्हणून त्यानं कापड बांधायच्या ऐवजी 'डिस्प्ले नन' नावाची एक आज्ञा लिहिली. या आज्ञेचा अर्थ 'लपव' असा नाही. 'हे इथं नाहीच असं समज' असा आहे. स्क्रीन रीडर हा मोठा आज्ञाधारक प्राणी. पान बांधणाराच नाही म्हणतो म्हटल्यावर तोही नाही म्हणतो आणि गप्प बसतो.

"म्हणजे," गुरुजी म्हणाले, "पान बिघडलेलं होतं तोवर माझ्यासाठी चांगलं होतं. तुम्ही दुरुस्त केलंत आणि बिघडलं."

"हो, गुरुजी," फोनमधून क्षीण आवाज आला.

"आमच्या पळसदेवचं देऊळ ठाऊक आहे? उजनीचं धरण १९८० मध्ये पुरं झालं, आणि पळसनाथाचं देऊळ पाण्यात गेलं. एरवी बघाल तर नुसतं पाणी. पण एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं, की देऊळ वर येतं आणि लोक नावेतून दर्शनाला जातात. कारण ते बुडवलं होतं, पाडलं नव्हतं. कळला फरक? तुला वाक्य बुडवायचं होतं. तू ते पाडलंस."

मी मनात म्हटलं, चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला हे असं सुचतं. आम्ही असतो तर नुसतं 'फाइल चुकली' म्हटलं असतं.

प्रश्न आता कार्यकारिणीचा होता. खास सभा भरली. मी वृत्तांत सांगितला. खजिनदार म्हणाले, "एका सभासदासाठी एवढा खटाटोप?" मी म्हटलं, खटाटोप म्हणजे एक फाइल जोडायची आहे. ते म्हणाले, "प्रश्न फाइलचा नाही, तत्त्वाचा आहे." आमच्या सभेत कोणी तत्त्व काढलं की ओळखावं, त्याला घरी जायची घाई नाही.

मग एका वकील सदस्यांनी घसा साफ केला. त्यांनी सांगितलं, की दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू आहे; आणि ३० एप्रिल २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय, की संगणकावरच्या सोयी सर्वांना वापरता येणं हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सभा एकदम गंभीर झाली. जगण्याचा हक्क आणि पानाच्या तळचं ते वाक्य यांचं एवढं जवळचं नातं असेल, असं कोणाला वाटलं नव्हतं. खजिनदार पुटपुटले, "पण आपण सरकार थोडेच आहोत?"

तेव्हा एरवी सभेत झोपणारे एक ज्येष्ठ सभासद डोळे न उघडता म्हणाले, "काटेवाडीला मेंढरांना रिंगण मिळतं. गुरुजींना एक वाक्य मिळू नये?"

ठराव एकमतानं मंजूर झाला. या वेळी अनुमोदन मी दिलं.

इथं हा विषय संपायला हरकत नव्हती. पण अध्यक्षांनी विचारलं, "वाक्य ठेवायचंच, तर ते मराठीत का नको?" भाचा म्हणाला, चालेल; त्या संचात वाक्य बदलायची सोय आहे. झालं! मराठी माणसांना वाक्य बदलायची सोय दिली, की ती रात्रभर पुरते. 'तीन निकाल उपलब्ध आहेत' असं पहिलं भाषांतर आलं. "निकाल? ही काय दहावीची परीक्षा आहे?" 'फलिते' सुचलं, ते हसण्यावारी गेलं. शेवटी पुस्तकंच सापडतात तर 'पुस्तकं सापडली' म्हणावं असं ठरलं. मग व्याकरण उभं राहिलं. इंग्रजी वाक्य 'इज' आणि 'आर' एवढ्या दोन खुंट्यांवर भागतं. आमच्याकडे एक पुस्तक सापडलं, दोन पुस्तकं सापडली, ग्रंथ असेल तर सापडला, कादंबरी असेल तर सापडली! भाचा घामाघूम झाला. एकजण म्हणाले, सगळ्यांना पुस्तकच म्हणावं, म्हणजे लिंगभेद मिटेल. एवढ्या थोड्या श्रमात तो प्रश्न इतरत्र कुठं मिटल्याचं ऐकिवात नाही.

काही सापडलं नाही तर काय म्हणायचं, यावर आणखी अर्धा तास गेला. 'शून्य पुस्तकं' कोरडं वाटलं. 'क्षमस्व' जास्त ओलं वाटलं. शेवटी 'या नावाचं पुस्तक सापडलं नाही' यावर सभा विसर्जित झाली. वाचनालयाच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात एखाद्या वाक्यावर इतका विचार झाल्याचं मला आठवत नाही. आणि ते वाक्य आमच्यापैकी कोणालाही दिसणार नव्हतं.

भाच्यानं रात्रीच ती फाइल जोडली आणि मराठी वाक्यं घातली. पान पुन्हा स्वच्छ झालं. तळाशी काही नाही. पण आता ते 'काही नाही' बोलणारं होतं.

सकाळी आठला फोन वाजला. गुरुजींचा आवाज प्रसन्न होता. रात्री अकरा वाजता त्यांनी 'केकावली' शोधली होती, सापडली होती, आणि राखूनही ठेवली होती. नातीला सकाळी फक्त कळवलं होतं. मोरोपंतांची त्यांना आठवण झाली. "त्या गृहस्थानं ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असं निरोष्ठ रामायण लिहिलं. तुम्ही तर ओठ, डोळे, काहीच न लावता एक वाक्य लिहिलंत. बारामतीची परंपरा राखलीत."

मी कृतकृत्य झालो. फोन ठेवणार, तोच गुरुजी म्हणाले, "एक राहिलं. 'बाणाच्या कळानी वरखाली जा' असं लिहिलंय. 'कळांनी' हवं. अनुस्वार खाल्लाय तुमच्या मुलानं. अर्धा गुण कापलाय."

मी थक्क झालो. "गुरुजी, अनुस्वार तुम्हाला ऐकू आला?"

"आला नाही, म्हणूनच तर कळलं," गुरुजी म्हणाले.

भाच्यानं तासाभरात अनुस्वार बसवला. आमच्या संकेतस्थळावर बाकी सूचना, नियम, अध्यक्षांचं मनोगत असा पुष्कळ मजकूर आहे आणि त्यात शुद्धलेखनाच्या चुका भरपूर आहेत. त्या रोज सगळ्यांना दिसतात आणि कोणी काही म्हणत नाही. सबंध पानावर निर्दोष म्हणावं असं एकच वाक्य आहे. ते मात्र पाहायला मागू नका.